अनुभव धागा : बिल्ला, घमेलं आणि आपली पोरं

लाजाळू
भाचा यंदा एफवायला. परवा एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) फॉर्म घेऊन आला, "मावशी, याचे मार्क मिळतात म्हणे. भरू का?" त्याच्या आईचं म्हणणं, त्या वेळात एखादा क्लास होईल. मी म्हटलं भर, आणि माझा जुना बिल्ला शोधून दाखवला. त्यावरचं चाक कोणार्कचं, आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला हजर. तो म्हणाला, "दुपारचा प्रहर सोडून."

त्या बिल्ल्यापायी बरंच काही वर आलं. आमचा कॅम्प झेडपीच्या शाळेत. पहाटे प्रभातफेरी, मग शोषखड्डे (सांडपाणी जमिनीत मुरवायचे खड्डे), दुपारी बौद्धिक, म्हणजे डुलक्या. मला सर्व्हेला धाडलं होतं. शौचालय आहे की नाही, गुरं किती, शिकलेलं कोण. एका आजींनी सगळी उत्तरं दिली आणि म्हणाल्या, "झाला तुझा कागद? आता माझा लिही." निराधारच्या पगाराचा, म्हणजे सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या मदतीचा अर्ज. कोरा फॉर्म पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवलेला, घडीवर फाटत आलेला. उत्पन्नाचा दाखला होता, रेशनकार्ड होतं, गाडी अडली वयावर. शाळा सोडल्याचा दाखला आणणार कुठून, शाळेचं तोंडच पाहिलेलं नाही! सरांनी सांगितलं, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर वयाचा दाखला देतात. तो आणला, अर्ज भरला, अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर ही रांग, प्रत्येकाच्या हातात कसला ना कसला कागद. खड्डे खणायला बाकीचे होते, आम्ही तिघीचौघी कॅम्प संपेपर्यंत अर्जच लिहीत बसलो.

तुमचं सांगा. कॅम्प, श्रमदान, मंडळ, वारी, काहीही. आणि घरातल्या पोरांना या वाटेला कसं लावलंत? मुळात लावता येतं का?

खोडसाळपंत
खरं सांगू? मुलींच्या कॉलेजबरोबर जोडकॅम्प होता म्हणून नाव दिलं. सेवाभाव वगैरे शून्य. साखळीत शेजारी उभी असलेल्या मुलीने भरलेलं घमेलं पायावर सोडलं. अंगठ्याचं नख गेलं. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, ती अजून म्हणते चूक माझीच, मी बघत नव्हतो. (बघत होतो. घमेल्याकडे नव्हतो.)

चिंगी_
पंत 😂😂 वहिनींना धागा दाखवा

डोंगरदऱ्या
घमेल्याचा विषय निघालाच आहे तर. पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावागावांची पाणी अडवायची स्पर्धा, सुरू झाली २०१६ ला, वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत. पुढे १ मेच्या महाश्रमदानाला शहरातून माणसं यायला लागली. आम्ही ऑफिसातले सगळे गेलो, टोप्या, गॉगल, सनस्क्रीन. अर्ध्या तासात हाताला फोड. गावातल्या एक ताई आमचा तमाशा बघत होत्या, शेवटी त्यांना राहवेना. एकाचं तोंड इकडे, पुढच्याचं तिकडे असं उभं केलं सगळ्यांना. म्हणजे घमेलं देताना कंबर पिळायची नाही, नुसते हात हलतात. रिकामी घमेली परत यायला वेगळी रांग, तिथे पोरंटोरं. काम एकदम पळायला लागलं. सीसीटी खणत होतो, उतारावर आडवे, सगळी लांबी एकाच पातळीत. पातळी चुकली की पाणी एका टोकाला धावतं आणि चर फोडून जातं, म्हणून आधी ए-फ्रेमने (A च्या आकाराची चौकट, मध्ये ओळंबा) पातळी बघत पांढऱ्या फक्कीची रेघ टाकून घ्यायची.

माझा मुलगा तेव्हा शाळेत होता. त्याला फक्कीची पिशवी धरायला दिली होती. ए-फ्रेमचा ओळंबा मध्यावर आल्याशिवाय तो कुणाला पुढे सरकू देईना, सरपंचांनाही नाही.

टिंबटिंब
सीसीटी वाचून वाटलं डोंगरावर कॅमेरे लावले

डोंगरदऱ्या
सलग समतल चर हो 🙏 कॅमेरे फोटोवाल्यांकडे होते, भरपूर

उलटतपासणी
फोटोवाल्यांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्या कॉलेजात (नाव नको) वृक्षारोपण म्हणजे जुलैत बॅनर, पाहुणे, एका रोपाला बारा हात. मार्चमध्ये त्याला पाणी घालणार कोण? पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप, नवा बॅनर. तासांचं रजिस्टर तर वर्षाअखेरीस एका पेनाने एका बैठकीत भरलेलं. मार्कांचं आमिष दाखवून राबवून घेणं याला सेवा म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. पोरं हुशार असतात, त्यांना पहिल्या दिवशी कळतं की हे खोटं आहे. मग ती फिरकत नाहीत आणि आपण म्हणतो तरुणाई स्वार्थी.

निवृत्त_मास्तर
मी कॉलेजात एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो, त्यामुळे वरचं वाचून चिडायला हवं. पण निम्मं खरं आहे.

एनएसएस सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीचं वर्ष. ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक निवासी शिबिर. कागदावर उत्तम. घोळ होतो तो तास मोजण्यात. ज्याला मोजायचं असतं तो काम बघत नाही, घड्याळ बघतो.

पोरं मार्कांसाठीच येतात. येऊ द्यावीत. कुठल्या हेतूने आलास हे मी कधी विचारलं नाही. मी एवढंच करायचो की सगळ्यात उनाड पोराच्या हातात भांडारघराची किल्ली द्यायची. शिधा, कांदे, रॉकेल, हिशेबाची वही, सगळं त्याच्याकडे. शंभर माणसांचा स्वयंपाक त्याच्या एका किल्लीवर अडतो हे कळलं की तो पहाटे आपणहून उठतो. एका बहाद्दराने मला मध्यरात्री उठवून विचारलं होतं, "सर, तिखट दीड किलो दाखवलंय, डबा तर अर्धाच आहे. खाल्लं कुणी?" वर्गात हा मुलगा कधी दिसला नव्हता.

भाषणाने कुणी आलेलं मला आठवत नाही. माझ्या तर नाहीच.

उलटतपासणी
सर, किल्ली एकालाच देता येते. बाकी नव्व्याण्णवांचं काय

निवृत्त_मास्तर
प्रश्न रास्त आहे. म्हणून तर दत्तक गाव (कॉलेजने कामासाठी घेतलेलं) एकच धरून ठेवायचं, दरवर्षी बदलायचं नाही. ओळखीचं गाव असलं की कामं आपोआप सापडतात आणि वाटता येतात. आम्ही वनराई बंधारा घातला, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून. पुढच्या बॅचला पाण्याच्या जोराने सरकलेल्या गोण्या नीट लावायच्या होत्या. कंटाळवाणं काम. पण बंधारा आपला होता ना, भांडून गेली पोरं.

बोरकूट
सगळ्यांच्या कॅम्पात तिखटाचा घोळ होतो का?? आमच्याकडे आमटीत मीठ दोनदा पडलं. गावातल्या काकूंनी कणकेचे गोळे सोडायला सांगितले

चिंगी_
बटाटा टाका बटाटा

बोरकूट
शंभर माणसांच्या आमटीला किती बटाटे ताई 😄 शेवटी पाणी वाढवत गेलो, रात्रीही तीच प्यायली

वऱ्हाडी_ठेचा
मी चंद्रपूरकडला. बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी कोणी सांगतली नाही अजून म्हणून लिवतो. मूल तालुक्यात, भर मे महिन्यात. आमचं ऊन तुमाले मालूमच असन. म्हनून पहाटीच उठवत, ऊन चढाच्या आत श्रमदान खतम. महाराष्ट्रभरचे पोट्टे-पोट्टी. कुदळ कशी धरावी, घाव कसा घालावा, हे आमाले शिकवनाऱ्या काकाच्या हाताले बोटं पुरी नव्हती. कुष्ठरोग बरा झालेली मानसं, त्याइनंच ती जमीन उभी केली. आमी कॉलेजचे धट्टेकट्टे पोट्टे धापा टाकू अन ते एका लयीत खनत.

घरी आलो तं आईनं पयले इचारलं, जेवला कोनाच्या हातचं? म्हटलं त्याइच्याच. ती काई बोलली नाई. पुढच्या साली लहान्याची बॅग तिनंच भरून देल्ली.

जुना_खांब
किल्लारीचा भूकंप. १९९३, ३० सप्टेंबरची पहाट, विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. आमची बॅच ट्रकमधून गेली. सगळं लिहीत नाही. एवढंच सांगतो, उत्साहाने आलेली माणसं इतकी होती की रस्त्यावर गाड्या अडकत होत्या. पाऊस सुरू, आणि मदत म्हणून आलेले कपडे ढिगाने भिजत पडलेले. आम्हाला कपडे निवडायचं काम दिलं. त्यात जरीचे फेटे, एकेकच बूट, फाटके पडदे. लोकांना हवं होतं अंथरूण-पांघरूण आणि भांडी. मित्र हिरमुसला, म्हणाला ढिगारे उपसायला आलो होतो. पण उपसायचं कसं तेच आम्हाला येत नव्हतं, वरचा दगड हलवला की खालची भिंत बसायची. जवान ते करत होते. पोरांना आधी प्रथमोपचार शिकवा, दोर बांधायला शिकवा, मग सेवेला पाठवा.

अठरा_पूर्ण
काका-काकू लोकहो, धागा छान आहे पण "आजची तरुणाई मोबाईलमध्ये" हे फॉरवर्ड पण तुमचेच येतात 🙂

एप्रिल २०२१ मध्ये आम्ही बारावीचे. घराबाहेर पडायची सोय नाही. व्हॉट्सॲपवर ऑक्सिजन सिलिंडर, बेड, प्लाझ्माचे नंबर फिरत होते, बहुतेक बंद नाहीतर शिळे. आम्ही वाटून घेऊन प्रत्येक नंबर लावायचो. उचलला तर शीटमध्ये वेळ टाकायची, नाही उचलला तर लाल. तासाभरापूर्वीचं हिरवं परत तपासायचं. अर्ध्यांकडून शिव्या खाल्ल्या कारण दिवसभर त्यांना लोकांचेच फोन. आम्हाला प्रोत्साहन कुणी दिलं नव्हतं, मैत्रिणीच्या बाबांना बेड मिळत नव्हता एवढंच.

नंतर रक्तदानाला गेले, वय १८ पूर्ण, वजन ४५ च्या वर, सगळं बसत होतं. हिमोग्लोबिन १२.५ लागतं, माझं कमी. परत पाठवलं. बिस्किटपुडा मात्र दिला

खोडसाळपंत
आमच्या वेळी बिस्किटपुड्यासाठी रक्त द्यावं लागायचं. महागाई कमी झाली म्हणायची.

नववीची_आई
पोळ्या करता करता लिहितेय, चुका माफ. मुलगी अंध मुलाची लेखनिक झाली होती, त्याची दहावी, हिची नववी. लेखनिक खालच्या इयत्तेचा लागतो ना, म्हणून नववीतली मुलं शोधत असतात. ही घरी कपसुद्धा उचलत नाही. तिथे पहिल्या पेपरला तो सांगायला लागला, "नवीन परिच्छेद. अवतरण चिन्ह सुरू." हिचं शुद्धलेखन दिव्य. तो मध्येच थांबवून विचारायचा, "'परिस्थिती' लिहिलंस ना? कोणती रि?" तासाला २० मिनिटं जादा मिळतात तरी वेळ पुरेना. घरी येऊन मनगट शेकत बसली आणि दुसऱ्या पेपरच्या आदल्या रात्री शुद्धलेखनाचं पुस्तक काढलं. मी कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडले ते फुकट.

तिला उत्तर येत असूनही लिहायचं नाही, हे सगळ्यात जड गेलं म्हणाली.

अठरा_पूर्ण
हे कुठे करता येतं? मी डिग्रीला आहे

नववीची_आई
जवळची अंधशाळा किंवा अंधांसाठी काम करणारी संस्था गाठ, परीक्षेच्या आधी महिना-दीड महिना नावं घेतात. कॉलेजच्या परीक्षांनाही लागतात, पण नियम तिथेच विचार, विद्यापीठागणिक वेगळे आहेत. आणि आयत्या वेळी दांडी मारायची नाही, त्या मुलाचं वर्ष जातं

खोडसाळपंत
माझं अक्षर चालेल का?

निवृत्त_मास्तर
पंत, तुमचं अक्षर कसं असेल याचा अंदाज आहे. तुम्ही पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करा, त्याचीही गरज असते.

खोडसाळपंत
आवाजाचं सौ.ला विचारून सांगतो. तिला तो गेली काही वर्षं ऐकू येत नाही असं ती म्हणते.