मदत हवी आहे : जीडीबी या डीबगरमध्ये (दोष शोधण्याच्या साधनात) सोर्सची ओळ आणि मशीन सूचना जुळत नाहीत

अर्धविराम :
माझा सी++ प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरी-पत्त्याला हात लावल्याची चूक) देऊन थांबतो. जीडीबी २१२व्या ओळीकडे बोट दाखवतो, पण तिथे दोन पूर्णांकांची तुलना करणारी साधी फॉर लूपची ओळ आहे. ‘डिसअसेंबल /एम’ (ओळींसोबत मशीन सूचना दाखवणारी आज्ञा) दिल्यावर त्या ओळीखाली एक तुलना आणि एक उडी एवढेच दिसते, मेमरीला हात लावणारे काहीच नाही. चालू सूचनेपुढचा बाण तर संपूर्ण यादीत कुठेही सापडत नाही. कालपासून अडकलो आहे, कृपया लवकर सांगावे.

जुनाकीबोर्ड :
कंपाइल करताना कोणते पर्याय दिले होते? कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची नोंद) उघडली आहे का? कोअर एका बिल्डची आणि बायनरी दुसऱ्या बिल्डची असेल, तर ओळींच्या क्रमांकांवर विसंबता येत नाही, म्हणून दोन्हींचा बिल्ड-आयडी (बिल्डची ओळखखूण) आधी ताडून पाहावा.

अर्धविराम :
जीसीसी कंपायलर, -जी (डीबग माहिती) आणि -ओ२ (कोड वेगवान करणारे बदल), नेहमीचेच. कोअर नाही, जीडीबीतच चालवतो आहे.

छापखाना :
-ओ२ असताना ओळी मागेपुढे होणारच. -ओ० ने (असे बदल न करता) बिल्ड करावे, लूपमध्ये प्रिंटएफ (मूल्ये छापणारे फंक्शन) टाकावा आणि मोकळे व्हावे. माझे काम अनेक वर्षे असेच चालले आहे.

अर्धविराम :
-ओ० ने प्रोग्राम कोसळतच नाही.

बायनरीबुवा :
प्रिंटएफचा सल्ला इथे घातक आहे, कारण एक कॉल वाढला की रजिस्टरांची (प्रोसेसरमधल्या मूल्ये ठेवायच्या जागांची) वाटणी बदलते आणि दोष दुसरीकडे सरकतो किंवा दडून बसतो.

छापखाना :
दडला तरी तोही एक पुरावाच असतो.

स्तंभ८० :
सूचना वाचायला अवघड जात असतील, तर ‘सेट डिसअसेंब्ली-फ्लेवर इंटेल’ द्यावे.

बायनरीबुवा :
प्रश्न तो नाही. अर्धविराम, आपण बॅकट्रेस (फंक्शन-कॉलांची साखळी) पूर्ण दिलेला नाही. शून्य क्रमांकाची (सर्वात आतल्या कॉलची) फ्रेम कोणती आहे?

अर्धविराम :
ती हेडरमधल्या एका ओळीच्या फंक्शनची आहे. त्यात पाहण्यासारखे काही नाही, म्हणून मी थेट फ्रेम १ वर गेलो.

बायनरीबुवा :
मग घोळ तिथेच आहे. ते फंक्शन इनलाइन झाले आहे, म्हणजे त्याच्या सूचना आपल्याच फंक्शनच्या पोटात आहेत, पण ओळींच्या तक्त्यात (कोणती सूचना कोणत्या ओळीची याच्या नोंदीत) त्यांच्यापुढे हेडर फाइलचे नाव आहे. ‘/एम’ मांडणी मुख्य फाइलच्या ओळींच्या क्रमाने करतो आणि इनलाइन झालेल्या फंक्शनच्या ओळी गाळतो, म्हणूनच बाण दिसला नाही. जीडीबी ७.१० पासून ‘/एस’ आहे. तो पत्त्यांच्या क्रमाने मांडतो आणि फाइल बदलली की तिचे नावही छापतो.

अर्धविराम :
‘/एस’ ने बाण सापडला : मूव्ह ०एक्स१०(%आरएएक्स), %ईडीएक्स. आरएएक्स हे रजिस्टर शून्य आहे. ही सूचना ईडीएक्समधले मूल्य मेमरीत लिहिते ना? आणि २१२वी ओळ आता तीन ठिकाणी का दिसते?

बायनरीबुवा :
नाही, वाचते. जीडीबी मुळात वापरतो त्या एटी अँड टी लेखनपद्धतीत स्रोत आधी आणि गंतव्य नंतर लिहितात (इंटेल पद्धतीत क्रम उलट असतो, म्हणून स्तंभ८० यांचा सल्ला अखेर उपयोगी पडला म्हणायचा). शून्य पॉइंटरपासून १६ बाइटवरचे (०एक्स१० म्हणजे १६) फील्ड वाचण्याचा तो प्रयत्न आहे. २१२वी ओळ तीनदा दिसते, कारण लूपची सुरुवात, वाढ आणि अट हे तिचे तीन तुकडे कंपायलरने वेगवेगळ्या जागी ठेवले आहेत.

जुनाकीबोर्ड :
तो पॉइंटर प्रत्येक वाटेने प्रारंभित होतो का, म्हणजे त्याला पहिले मूल्य मिळते का? -ओ० ने न कोसळणे हे बहुधा तसे होत नसल्याचेच लक्षण आहे. -वॉल देऊन कंपायलरचे इशारे पाहावेत.

अर्धविराम :
एका एल्स शाखेत त्याला मूल्य द्यायचे राहिले होते. -ओ० मध्ये स्टॅकवरचा जुना, चालण्याजोगा पत्ता त्याला मिळत असावा. -वॉलचा इशारा येतच होता, पण इतर इशाऱ्यांच्या गर्दीत मी तो वाचला नव्हता.