घडवंची: पाण्याची की चढायची?

आडमाळा
आमच्या तालुक्याच्या गावी एका जुन्या वाड्यात छोटंसं वस्तुसंग्रहालय निघतंय. वस्तू गावकऱ्यांनीच आणून दिल्यात. मराठी-इंग्रजी पाट्यांचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जातं, रोवळी, कासंडी झालं, पण एका वस्तूपाशी गाडी अडली. लाकडी, चार पायांची, कमरेएवढी उंच, वर चौकोनी फळी, पायांना आडव्या पट्ट्या. मी 'घडवंची' लिहिलं आणि पुढे 'पाण्याचे हंडे-कळश्या ठेवण्यासाठी' असा खुलासा जोडला. ती देणाऱ्या आजींनी पाटी वाचली आणि म्हणाल्या, "पाणी कुठलं आलंय? माळ्यावरचं काढायला चढायचो आम्ही तिच्यावर." आता इंग्रजीत काय लिहू?

पायलीभर
घट + मंच, त्यावरून घडवंची. म्हणजे मुळात घडे ठेवायचीच. हिंदीतली घडौंचीही पाण्याचीच. नळ आले, हंडे गेले, घडवंची रिकामी झाली, मग लोक तिच्यावर चढायला लागले. पाटीवर दोन्ही उपयोग लिहा, आजींचा आधी.

सांदीकोपरा
व्युत्पत्ती झकास आहे, पण आमच्याकडे नळ यायच्या कितीतरी आधीपासून घडवंची चढायचीच होती. हंडे दगडी ओट्यावर असत. भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला वडील तिच्यावर चढत आणि खाली कोणीतरी पाय धरून उभं राहायचं, कारण ती डुगडुगायची. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी कायमची. ती घडी झाडताना कोणी उडवली की घरात बोंबाबोंब.

निर्मळमराठी
उपयोग काही का असेना, मराठी पाटीत 'उंच स्टूल' असलं काही घुसडू नका, एवढीच विनंती. समजावायचंच असेल तर 'उच्चासन' लिहा. हसू नका, सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' सुचवले तेव्हाही लोक हसलेच होते.

नस्ती_उठाठेव
उच्चासनावर चढून माळ्यावरची डाळ काढ, असं घरात एकदा म्हणून बघा. आणि 'महापौर' रुजला तो महानगरपालिकेच्या कागदांत, स्वयंपाकघरात नव्हे. घरातले शब्द जिथून वस्तू आली तिथून आले. बादली पोर्तुगीज, घमेलं पोर्तुगीज, सांदीकोपरांच्या वडिलांनी घड्याळाला दिली ती चावीसुद्धा पोर्तुगीज. देवापुढच्या समईचं मूळही अरबी 'शमा'कडेच नेतात.

निर्मळमराठी
समई रुळून मराठी झाली, हे मान्य. म्हणून आज आलेल्या प्रत्येक शब्दाला पाट मांडायचा का?

नस्ती_उठाठेव
स्टूल आज आलंय? तुमच्या आजोबांच्या शाळेत होतं हो ते.

पायलीभर
आडमाळा, पाट्या करताय तर 'गंगाळ' की 'घंगाळ' हेही आत्ताच ठरवून टाका. माझं मत गंगाळ, कारण त्यात गंगा आहे. आंघोळीचं पाणी काढायचं भांडं, आंघोळ करताना 'गंगेच यमुने चैव' म्हणायचं, आणखी काय पुरावा हवा?

सांदीकोपरा
आणि घंगाळात घणघणाट आहे. कड्या धरून उचललं की दोन्ही बाजूंनी खणाखण वाजायचं. आम्ही घंगाळच म्हणत आलो.

आडमाळा
दोन्ही रूपं ऐकलीत. पण घडवंचीचं काय? पाट्या रंगवायला द्यायच्यात.

खुंटीवरची
घंगाळ म्हटलं की शेजारी बंब हवाच. संग्रहालयात असेल तर त्याच्या पाटीवर तो चालायचा कसा, ते लिहा. आजकालच्या मुलांना तो शोभेचा पिंप वाटतो. पोटात मधोमध आरपार नळी, खाली जाळी. नळीत वरून कोळसे, लाकडाच्या ढलप्या, शेंगांची टरफलं, जे असेल ते टाकायचं. नळीभोवतीचं पाणी तापायचं. राख जाळीतून खाली पडायची आणि काढायचा कंटाळा केला की धूर न्हाणीघरभर. आमच्या बंबाला बाजूला नरसाळं होतं. त्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की दुसऱ्या तोंडातून तेवढंच कढत पाणी बाहेर. पाणी हवं तर आधी पाणी घाल, असा रोकडा व्यवहार.

नस्ती_उठाठेव
बंब हाही पोर्तुगीज 'बोंबा'वरून आलेला म्हणतात. आगीचा बंबही तोच. निर्मळमराठी, तुम्ही पहाटे तापवायचात तो काय, 'जलतापक'?

निर्मळमराठी
आमच्याकडे चूल होती.

वज्रीवाली
पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि वज्र्या बघितल्यात का कोणी? टाच घासायची वस्तू, पण तिच्यावर मोर, पोपट, हत्ती. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' नावाने कविता करत, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. पाट्यांचा विचार करताय तर एकदा जाऊन याच. माझा प्रश्न वेगळाच आहे: वज्री आतून पोकळ असून तिच्यात खडे असतात आणि घासताना ती खुळखुळते. तो आवाज कशासाठी? सासूबाई म्हणायच्या, सून खरंच घासतेय की नुसती बसलीये ते बाहेर कळावं म्हणून.

पायलीभर
सासूबाईंची व्युत्पत्ती माझ्यापेक्षा सरस. आमच्याकडे मात्र वज्री मातीची, खरखरीत, आवाज शून्य.

खुंटीवरची
मातीची ती वज्री नव्हे, ती घासणी.

पायलीभर
घासणी भांड्यांची असते हो!