मदत हवी आहे: यूलेरियनच्या आधी 'ए' की 'ॲन'?

घंटागाडीवाली:
नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट ग्राफ थिअरीवर (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित) आहे: आमच्या वॉर्डातली घंटागाडी एकही गल्ली दोनदा न घेता सगळ्या गल्ल्या फिरून परत जागेवर येऊ शकते का? (नाही येत. तीन रस्ते मिळतात असे नाकेच जास्त आहेत आमच्याकडे.) सोमवारी तोंडी परीक्षा आहे आणि घोडं अडलंय ते इंग्रजीत.

अशा फेरीला यूलर या गणितज्ञाच्या नावावरून यूलेरियन सर्किट म्हणतात. रिपोर्टभर मी 'ॲन यूलेरियन सर्किट' लिहिलं, कारण पुस्तकात तसंच आहे. सरांनी लाल पेनाने १७ ठिकाणी 'ॲन' खोडून 'ए' केलं. म्हणाले, "अक्षर नाही, उच्चार बघायचा. युरोपियनला ए, युक्लिडियनला ए, मग यूलरनेच काय घोडं मारलंय?" नियम तर बरोबर वाटतो. मग पुस्तक चुकलंय का? शिवाय त्यांनी 'यूलर्स फॉर्म्युला'च्या आधी 'द' घातलाय, तोही मला खटकतोय. कोणी सांगेल का?

जुना_बाक:
आम्ही ३० वर्षं यूलरच म्हणत आलो. पासही झालो.

खडूफळा:
सरांचा नियम बरोबर, उच्चार चुकीचा. यूलर नाही, ऑयलर. हा माणूस स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा, जन्म १७०७, मातृभाषा जर्मन. जर्मनमध्ये ई-यू ही जोडी 'ऑय' अशी वाचतात आणि इंग्रजीनेही या नावात तेच ठेवलंय. तेल घालणाऱ्याला इंग्रजीत ऑयलर म्हणतात ना, अगदी तसंच. त्यामुळे तोंडातून आधी स्वर निघतो, म्हणून 'ॲन'. युक्लिड ग्रीक. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत तीच अक्षरं इंग्रजीत 'यू' होतात (युरोपही त्यातलाच), आणि 'य' तिथे व्यंजनासारखा वागतो, म्हणून 'ए'. एकाच पानावर 'ए युक्लिडियन' आणि 'ॲन ऑयलेरियन' दिसलं तर दचकू नका, दोन्ही बरोबर.

खरं तर गणिताच्या इंग्रजी पुस्तकात उच्चार सहसा छापलेला नसतो. पण नावाआधीचा 'ॲन' तो गुपचूप सांगून जातो. मला तर तो शब्दकोशापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण लिहिणाऱ्याने तो काही ठरवून घातलेला नसतो.

जुना_बाक:
पण आपल्याकडे इंग्रजी अक्षरं बघून यूलर झालं तर त्यात बिघडलं काय?

खडूफळा:
काका, बिघडलं काहीच नाही. फक्त तुम्ही फ्रॉइडला 'फ्रूड' म्हणता का? आणि मराठी पेपरात बातमीखाली 'रॉयटर्स' छापतात, 'र्‍यूटर्स' नाही. तीच ई-यू, तीच जर्मन. तिथे आपल्याला आधी बरोबर ऐकायला मिळालं, इथे आधी वाचायला मिळालं, एवढाच फरक.

तिरकी_रेघ:
'द'चं मी सांगते. 'ऑयलर्स फॉर्म्युला' यातला 'स' म्हणजे आपला 'चा'. माणसाच्या नावाला तो लागला की त्यानेच 'द'ची जागा घेतली, दोघांना एकत्र बसता येत नाही. 'स' काढलात तर मात्र 'द' हवा: 'द ऑयलर फॉर्म्युला', 'द ऑयलर लाइन'. मराठीत 'द'सारखं काही नाहीच, म्हणून आपल्याला ही चूक कानाला टोचत नाही. माझ्या स्वतःच्या एमएस्सीच्या प्रबंधात ती पहिल्या पानापासून होती.

घंटागाडीवाली:
ताई, खूप आभार! अजून एक. ऑयलेरियनचं पहिलं अक्षर मोठं, पण 'अबीलियन ग्रुप' पुस्तकात छोट्या अक्षराने का?

तिरकी_रेघ:
तो नॉर्वेचा गणितज्ञ आबेल, १८२९ साली २६ व्या वर्षी गेला. त्याचं विशेषण इतकं रोजच्या वापरातलं झालं की बऱ्याच पुस्तकांनी मोठं अक्षर सोडून दिलं. गणितवाले हा मान समजतात. उच्चारही पार इंग्रजी झालाय बघ, आबेलचं अबीलियन. पक्का नियम नाही, काही जण अजून मोठंच लिहितात. तू एक काहीतरी धर आणि रिपोर्टभर तेच ठेव.

खडूफळा:
सोमवारी सरांशी वाद घालू नका. लायब्ररीतल्या ग्राफ थिअरीच्या पुस्तकात क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचं (ऑयलरने सोडवलेलं कोडं) प्रकरण काढा आणि 'ॲन' असलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारा, "सर, इथे असं का असेल?" उत्तर त्यांनाच देऊ द्या.

घंटागाडीवाली:
करते तसंच. आत्ता घाईघाईत सगळीकडचे 'ए' एका झटक्यात 'ॲन' केले, तर 'ॲन ग्राफ' आणि 'ॲन युक्लिडियन'ही होऊन बसलं. आता एकेक हाताने परत फिरवतेय.