वाड्यातील पोथीवाचन: धर्मकृत्य की करमणूक?

बालाघाटकर (प्रश्न):
अंबाजोगाईजवळच्या आमच्या देशमुखी वाड्याचे माळवद (मातीचे सपाट छप्पर) उतरवताना देवघराच्या कोनाड्यात लाल फडक्यात बांधलेली 'पांडवप्रताप'ची, म्हणजे महाभारतकथा ओव्यांत सांगणाऱ्या ग्रंथाची, पोथी सापडली. पाने सुटी आणि आडवी असून प्रत्येकाचा खालचा कोपरा बोटे लागून मऊ व काळसर झाला आहे; काही अध्यायांवर तेलाचे डाग आहेत, तर काही अध्याय अगदी स्वच्छ आहेत. रात्रीची जेवणे उरकली की ढाळजेत (वाड्याच्या दरवाजालगतच्या बैठकीत) पोथी लागत असे, असे आजी सांगत असे. हे वाचन केवळ धर्मकृत्य होते, की घरच्यांची करमणूकही?

गोदाकाठ:
माझ्या मते या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या नव्हत्या. या पोथीचे कवी श्रीधर यांनी 'हरिविजय' १७०२ मध्ये, 'रामविजय' १७०३ मध्ये आणि 'पांडवप्रताप' १७१२ मध्ये पूर्ण केला. तिन्ही ग्रंथांची ओवी कानाने ऐकता ऐकता कळावी अशीच आहे. 'पांडवप्रताप'चे ६४ अध्याय रोज एक याप्रमाणे वाचले तर दोन महिने पुरतात, म्हणजे चातुर्मासाचा निम्मा काळ. कथा उद्यावर राहिली की दुसऱ्या दिवशी सगळे वेळेआधीच येऊन बसत, हे मी आमच्या परभणीकडच्या घरी लहानपणी पाहिले आहे. शिवाय निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत, कचेरीचा कारभार उर्दूत चाले; त्यामुळे मुलांच्या कानांवर ग्रांथिक मराठी पडण्याचे आणि मोठ्याने, स्वच्छ वाचण्याचा सराव होण्याचे ठिकाण बहुधा घरची पोथीच असे.

माजघर:
वाचणारा कोण, यापेक्षा ऐकणारे कोण, हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्याकडे काका वाचत आणि बायका माजघराच्या दाराआड वाती वळत ऐकत. माझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती, परंतु काकांकडून एखादी ओवी सुटली की आतून तिची बांगडी दाराच्या चौकटीवर दोनदा वाजे. काका न बोलता मागे जात, सुटलेली ओवी वाचत आणि मगच पुढे सरकत. लहान सुनांनी पुष्कळ ओव्या तिच्याकडूनच पाठ केल्या. अशा बाईला निरक्षर म्हणताना माझी जीभ अडखळते.

मारुतीचा पार:
वरील आठवणी मोलाच्या आहेत, पण ढाळजेत कोणाला जागा होती हेही नोंदवावे. आमचे आजोबा वाड्यावर राबणारे गडी होते. ते पायरीखाली, चपलांच्या बाजूला बसून ऐकत. तेच अध्याय पुढे त्यांनी गावात मारुतीच्या पारावर तोंडपाठ सांगितले आणि तिथे ऐकायला कोणालाही मज्जाव नव्हता. म्हणून हे श्रेय एकट्या वाड्याच्या पदरात टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बालाघाटकर:
आपण सर्वांनी मनापासून लिहिले, आभारी आहे. पायरीखालच्या श्रोत्यांचा विचार मी केला नव्हता, ही उणीव मान्य करतो. काल पोथी पुन्हा उलगडून पाहिली. युद्धाची पाने बऱ्यापैकी कोरी आहेत. तेल सर्वाधिक सांडले आहे ते वनवासाच्या कथेवर, आणि त्याच पानांमध्ये कापसाची एक अर्धवट वळलेली वात दबून राहिली आहे. ती मी तिथेच ठेवली आहे.