4 फुटी टाकीत गार मासा: जात कशी ओळखायची आणि खायला काय द्यायचं?

प्रश्न
टाकी 4 × 1.5 × 1.5 फूट, साधारण 250 लिटर. दुकानात "गार" (लांब चोचीसारख्या जबड्याचा शिकारी मासा) नावाने 4 इंची पिल्लं आहेत. दुकानदार म्हणतो, टाकीच्या मापाएवढाच वाढतो. खरं आहे का?

उत्तर 1
नाही. अरुंद टाकीत वाढ खुंटते, पण ती कणा वाकून आणि पाणी खराब राहून.

आधी पिल्लू वरून बघा. चोचीच्या टोकापासून पाठीवर मधोमध फिकट पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक काळी रेघ असेल, तर तो अ‍ॅलिगेटर गार. तो घेऊच नका. 2011 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात पकडलेला एक 8 फूट 5 इंच लांब आणि 148 किलोंचा होता. फ्लोरिडा गार किंवा स्पॉटेड गार बहुधा 2 ते अडीच फुटांवर थांबतो, घरात तोच शक्य. चोच दोन सुयांसारखी नाजूक आणि शरीर चांदीसारखं असेल, तर ती नीडलफिश. ती गारच्या कुळातली नाही.

गारचे खवले हाडासारखे टणक आणि एकमेकांत बसलेले असतात, त्यामुळे त्याला अंग फारसं वळवता येत नाही. म्हणून टाकीची रुंदी महत्त्वाची, उंची नव्हे. फ्लोरिडा गारसाठी निदान 6 × 3 × 2 फूट, म्हणजे हजार लिटर. नुसतं पाणीच एक टन, तेव्हा स्लॅबचं आधी विचारून घ्या. तुमची टाकी पिल्लाला काही महिनेच पुरेल.

उत्तर 2
खाण्याबद्दल. पिल्लाला सुरुवातीला गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा घरी वाढवलेले गप्पी. नंतर चिलापीच्या बोटभर पट्ट्या चिमट्यात धरून चोचीच्या बाजूने हलवा. गार समोरून नाही, मान झटकून आडवा पकडतो. रोज गोल्डफिश देऊ नका. त्यात थायमिनेज असतं, ते बी1 जीवनसत्त्व नष्ट करतं, शिवाय रोग येतात. मोठ्या माशाला आठवड्यातून दोनतीनदा पुरे. उरलेला तुकडा तासाभरात काढा, नाहीतर पाण्यात विषारी अमोनिया चढतो. दर आठवड्याला 30 ते 40 टक्के पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन काढूनच.

उत्तर 3
झाकणाबद्दल कुणी लिहिलं नाही. गार पाण्यावर येऊन हवा गिळतो, त्याचा वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फुप्फुसासारखं काम करतो. पाणी काठोकाठ भरलं तर श्वास घेता येत नाही. झाकणाखाली 3-4 इंच मोकळी हवा ठेवा. झाकण मात्र जड हवं, दचकला की उडी मारतो. टाकीचा दिवा एकदम लावू नका, आधी खोलीचा लावा. काचेवर आपटून वाकलेली चोच सरळ होत नाही. हलवताना जाळी वापरू नका, दात अडकतात. टबात पाण्यासकट उचला.

आणि सांभाळता आला नाही तर तलावात सोडू नका. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला होता. परत घेणारं दुकान किंवा मोठी टाकी असलेला माणूस मासा घेण्याआधीच शोधून ठेवा.