अंधारातल्या ओएलईडीबद्दल पटलं, पण पॅनेलचं काय?
कोणता टीव्ही घ्यावा या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की काळा रंग खरा काळा हवा तर ओएलईडीच; ते अंधाऱ्या खोलीपुरतं पूर्ण पटतं. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा ठिपका, स्वतःच उजळतो नि विझतो, मागून उजेड देणारा बॅकलाइट नसतोच. पण आमच्या लातूरच्या घरात बैठकीचं दार दिवसभर उघडं, अंगणातला उजेड थेट पडद्यावर येतो. अशा ठिकाणी पडदा किती उजळतो आणि त्यात दाराचं प्रतिबिंब किती दिसतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसरं म्हणजे, एलईडी म्हणून विकतात तो बॅकलाइटवर चालणारा एलसीडीच असतो, आणि त्यात पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, व्हीए की आयपीएस यांपैकी कोणत्या प्रकारचं, हे इथे कुणी विचारलंच नाही. व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, तो साधारण ३०००:१ किंवा त्याहून जास्त, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. म्हणून मी व्हीए घेतला. पण तो बाजूने पाहिला की रंग फिके पडतात. मॅच असली की आमच्याकडे दहा-बारा जण जमतात, निम्मे भिंतीकडेला सतरंजीवर. कोपऱ्यात बसणारी आई म्हणायची, सगळ्यांचे चेहरे पांढुरके का दिसतात रे? शेवटी तिची खुर्ची मधोमध आणली. दुकानात टीव्ही बघताना समोर उभं राहू नका, कडेला जाऊन खाली बसून बघा.