ताडोबाजवळचा आठवडी बाजार : गाइड घ्यावा का?

पुणेकर_लेक
ऑगस्टमध्ये आईला घेऊन ताडोबाला येतेय. पावसाळ्यात कोअर, म्हणजे आतलं जंगल, बंद, म्हणून भोवतालच्या बफरच्या दोन सफारी घेतल्यात. मधली एक दुपार मोकळी आहे. रिसॉर्टवाले म्हणतात, शेजारच्या गावचा बाजार गाइडसोबत फिरवतो, रानभाज्या दाखवतो आणि मग एका घरी जेवण. माणशी १२०० रुपये. आईला रानभाज्यांची फार आवड आहे, पण बाजार बघायला पैसे द्यायचे हे मला पटत नाही. काय करू?

जवसाची_चटणी
ताई, नुसत्या बाजारासाठी गाइड कशाला? तीननंतर जा, अंधार पडायच्या आत दुकानं उठून जातात. सुट्टे पैसे ठेवा, भाजी वाट्यावर भेटते. काटवलं, म्हणजे तुमच्याकडची करटोली, दिसली की घ्याच. आणि आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आईंना सांगून ठेवा.

सिंदेवाहीकर
एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण तुम्ही भर पावसाळ्यात येऊन राहिले, तेव्हा जाणतं माणूस सोबत पाहिजेच. ह्या दिवसांत टेकोडे येतात, वारुळावर उगवणारी अळंबी. खायची कोणती अन् विषारी कोणती, हे फोटो पाहून ठरवायचं काम नाही. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंबसुद्धा उकडून, पाणी फेकूनच करावे लागतात. मागच्या वर्षी माझ्या पाहुण्यांनी वास्ते परस्पर घेतले आणि तसेच फोडणीला टाकले. कडू झाले, सगळी भाजी फेकली.

फक्त गाइड कुठला ते आधी विचारा. त्याच गावचा असेल तर विकणाऱ्या बायका त्याच्याशी मोकळ्या बोलतात, भाजी कोणत्या रानातली, कशी करायची, सगळं सांगतात. बाहेरून आणलेला असेल तर पैसे देऊ नका. जेवणाचे पैसे त्या घरच्या बाईला किती जातात, हेही विचारा. मला तरी हा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो, रांधणारी तीच आहे. आणि पहाटे रानात जाऊन भाजी आणणाऱ्या त्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

पुणेकर_लेक
दादा, फोन केला. गाइड त्याच गावचा आहे आणि जेवण त्याच्या काकूंच्या घरी. जेवणाचे पैसे आम्ही थेट काकूंच्या हातात द्यायचे, असं ठरलं. जातोय! आईला टेकोडे पुण्याला न्यायचेत, टिकतील का?

सिंदेवाहीकर
नाही टिकत. तोडले त्याच दिवशी शिजवायचे. बाजारात गाइडकडून निवडून घ्या आणि काकूंनाच करायला सांगा, आईंना चुलीजवळ बसू द्या. पुण्याला काटवलं न्या.